‘रक्तवाढीचं औषध चालू आहे’, तरी हिमोग्लोबिन ७.६ : सोलापुरातल्या अकरा महिन्यांच्या बाळाचं प्रकरण

मुलगी, वय ११ महिने, वजन ७.४ किलो. घर सोलापूर शहराच्या पूर्व भागात, अक्कलकोट रोडच्या बाजूला, विडी कामगारांच्या वस्तीत. वडील यंत्रमागावर टॉवेल काढतात. आई घरी विड्या वळते आणि सकाळी माल द्यायला जाते, तेवढा वेळ बाळ आजीकडे असतं. जानेवारीच्या उत्तरार्धात बाळाला आणलं ते सर्दी-तापासाठी. रक्ताची तक्रार कुणाचीच नव्हती, कारण ‘रक्तवाढीचं औषध चालूच आहे की’.

हे कुटुंब कुणा एकाचं नाही. या भागात पुन्हा पुन्हा समोर येणाऱ्या परिस्थितीवरून हे प्रकरण बांधलं आहे. आकडे मात्र एकमेकांशी जुळते ठेवले आहेत, म्हणजे वाचणाऱ्याला हिशेब ताडून पाहता येईल. सगळं प्रकरण हिशेबाचंच आहे.

समोर काय दिसलं

तळहात, ओठ आणि खालच्या पापणीची आतली बाजू फिकी. हृदयाचे ठोके तापाच्या मानाने जास्त जलद, पण श्वास संथ, पायांवर सूज नाही, यकृत-प्लीहा वाढलेली नाही. मूल चिडचिडं. आजीने विचारल्यावर दोन गोष्टी सांगितल्या. एक, बाळ भिंतीचा पोपडा आणि माती तोंडात घालतं. दुसरी, गेल्या महिन्यात दोनदा रडता रडता श्वास अडकून निळं पडलं आणि काही सेकंद ढिलं झालं. घरच्यांनी त्याचा अर्थ ‘बाहेरचं काहीतरी’ असा लावला होता. लोहाची कमतरता असलेल्या बाळांत असे श्वास धरण्याचे झटके जास्त दिसतात आणि लोह भरल्यावर बऱ्याच वेळा कमी होतात. अपस्मार आणि यातला फरक ओळखायचा तर आधी काय घडलं ते विचारावं. रडणं किंवा लागणं आधी, मग श्वास थांबणं, मग निळेपणा, हा क्रम असेल तर बहुधा हेच. झोपेत किंवा काही कारण नसताना झटका आला तर वेगळी तपासणी लागते.

वजनाचा तक्ता पाहिला तर बाळ हिरव्या पट्ट्यात, खालच्या कडेला का होईना. अंगणवाडीत दर महिन्याला वजन होत होतं आणि दर महिन्याला ‘ठीक’ असा शेरा पडत होता. दुधावर वाढणाऱ्या बाळाचं असंच होतं. वजन तग धरतं आणि रक्त उतरत जातं, म्हणून फक्त काट्यावर विसंबून राहिलं की ही बाळं निसटतात.

शिरेतून घेतलेल्या रक्ताचा अहवाल असा : हिमोग्लोबिन ७.६, एमसीव्ही (तांबड्या पेशींचा सरासरी आकार) ६२, तांबड्या पेशी ४.२ दशलक्ष, आरडीडब्ल्यू (पेशींच्या आकारातली तफावत) २०, प्लेटलेट ५ लाख २० हजार, फेरिटिन (लोहाच्या साठ्याची खूण) ६. पेशी लहान, फिक्या आणि कमीजास्त आकाराच्या, प्लेटलेट वाढलेल्या, हे लोहाच्या कमतरतेचं नेहमीचं चित्र. ताप असताना फेरिटिन खोटं वाढतं, म्हणून संसर्ग असेल तेव्हा ३० च्या खाली आणि नसेल तेव्हा १२ च्या खाली गेलं की साठा संपला असं धरतात. इथे ताप असूनही ६ आलं. शंकेला जागाच उरली नाही.

थॅलेसेमिया मायनरचा, म्हणजे पेशी लहान ठेवणाऱ्या आनुवंशिक दोषाचा, विचार करावाच लागतो. एमसीव्हीला पेशींच्या संख्येने भागायचं : ६२ भागिले ४.२, म्हणजे १४.८. तेराच्या वर असेल तर कल लोहाच्या कमतरतेकडे, तेराच्या खाली असेल तर थॅलेसेमियाकडे. हा फक्त कल आहे, निदान नव्हे. पण लगेच इलेक्ट्रोफोरेसिसच्या (हिमोग्लोबिनचे प्रकार मोजणाऱ्या) तपासणीवर पैसे घालवू नयेत, कारण थॅलेसेमिया मायनरमध्ये वाढणारा हिमोग्लोबिनचा प्रकार, एचबीए-टू, लोह कमी असताना खोटा कमी येऊ शकतो आणि ‘नॉर्मल’ अहवाल हातात पडतो. आधी लोह भरावं. एमसीव्ही वर आलंच नाही तर मग ती तपासणी, आणि आई-वडिलांचंही साधं सीबीसी (रक्तपेशींची मोजणी).

तीव्रता आणि कुठे उपचार करायचे

६ ते ५९ महिन्यांच्या मुलांसाठी आपल्या सरकारी अॅनिमिया मुक्त भारत कार्यक्रमात ११ च्या खाली रक्तक्षय धरतात : १० ते १०.९ सौम्य, ७ ते ९.९ मध्यम, ७ च्या खाली तीव्र. (जागतिक आरोग्य संघटनेने २०२४ मध्ये ६ ते २३ महिन्यांसाठी सीमारेषा १०.५ वर आणली. ७.६ ला त्याने काही फरक पडत नाही.) महाराष्ट्रात या वयोगटातली ६८.९ टक्के मुलं रक्तक्षयी असल्याचं २०१९-२१ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणात आढळलं. त्याआधीच्या फेरीत तो आकडा ५३.८ होता.

म्हणजे हे बाळ मध्यम गटातलं. उपचार नागरी आरोग्य केंद्रावर, तोंडाने. वडिलांनी विचारलं, ‘सिव्हिलला नेऊन रक्त चढवू का?’ गरज नव्हती. महिनोन्‌महिने हळूहळू उतरलेल्या हिमोग्लोबिनशी शरीराने जुळवून घेतलेलं असतं. अशा बाळाला घाईने रक्त दिलं तर उलट हृदयावर ताण येतो. ७ च्या खाली असतं, किंवा श्वास जलद, पायावर सूज, दूध ओढायलाही दम लागणं यातलं काही दिसलं असतं, तर थेट सर्वोपचार रुग्णालय, म्हणजे सिव्हिल.

औषध चालू होतं, मग पोहोचत का नव्हतं?

नवव्या महिन्यात गोवराच्या लसीच्या वेळी बोटातून तपासलेलं हिमोग्लोबिन ८.३ आलं होतं. त्यावर चिठ्ठी मिळाली : लोहाचे थेंब, १ मिली दिवसातून दोनदा. चिठ्ठी लिहिणाऱ्याच्या मनात १ मिलीला १० मिलीग्रॅम लोह असलेले थेंब होते. त्या वेळी बाळ ७ किलोचं, म्हणजे दिवसाला २० मिलीग्रॅम, किलोमागे २.९. हिशेब चोख.

दुकानात ते थेंब नव्हते. ‘तेच आहे’ म्हणून सिरप मिळालं : ५ मिलीत ३० मिलीग्रॅम, म्हणजे मिलीला ६. मात्रा मात्र चिठ्ठीतलीच राहिली. दिवसाला १२ मिलीग्रॅम, किलोमागे १.७. हवं त्याच्या जेमतेम साठ टक्के. बाजारात लोहाचे थेंब मिलीला १० पासून ५० मिलीग्रॅमपर्यंत मिळतात, त्यामुळे उलट दिशेची चूकही होते आणि ती जास्त धोक्याची. चिठ्ठीवर फक्त ‘१ मिली’ लिहिणं हीच खरी गोम. लिहायचं ते असं : ‘मूळ लोह २० मिलीग्रॅम रोज’, आणि पुढे त्या बाटलीपुरते किती मिली. मूळ लोह आणि लोहाचा क्षार यांतही घोळ होतो : फेरस सल्फेटमध्ये मूळ लोह सुमारे २० टक्के, फ्युमरेटमध्ये ३३ टक्के. लेबलवर मोठ्या अक्षरात क्षाराचा आकडा आणि बारीक अक्षरात मूळ लोह असतं. वाचायचं ते बारीक अक्षर.

त्यावर आणखी एक. आजी ते सिरप दुधाच्या बाटलीत टाकायची, बाळ थुंकतं म्हणून. दुधातलं कॅल्शियम आणि केसीन हे प्रथिन लोहाला अडवतं, आणि तळाशी उरलेल्या दुधात औषधही उरतं. शी काळी झाली का, असं विचारल्यावर उत्तर आलं, ‘नाही, पिवळीच.’ लोहाची पुरेशी मात्रा घेणाऱ्या बाळाची शी गडद, काळपट होते. दोन महिने पिवळीच राहिली हा पुरावा घरातच होता, पण तो विचारायचा कुणाला सुचला नाही.

सरकारी सिरपची बाटलीही घरात होती. आशाताईंनी सहाव्या महिन्यात दिलेली, सीलबंद. ‘दुकानातलं भारी औषध चालू आहे, मग ते कशाला?’

दुधाचा हिशेब

आईचं दूध पाच महिन्यांपर्यंत निव्वळ. मग कामाचा ताण वाढला आणि म्हशीचं दूध सुरू झालं, पाऊण दूध आणि पाव पाणी, साखर घालून, बाटलीने. अकराव्या महिन्यात दिवसाला सुमारे ७०० मिली. सोबत डाळीचं पाणी, चहात बुडवलेलं बिस्किट, कधी दोन घास भात. रात्री अंगावर पाजणं चालू.

पाणी वजा केलं तर ५२५ मिली म्हशीचं दूध, सुमारे ५६० कॅलरी. या वजनाच्या बाळाची दिवसाची गरज ६०० च्या आसपास. ‘बाळ जेवतच नाही हो’ याचं उत्तर एवढ्यात आहे. पोटात जागाच नाही. आणि त्या ५२५ मिलीत लोह किती? साधारण पाव मिलीग्रॅम. त्यातला जेमतेम दहावा हिस्सा अंगी लागतो. बाळाला रोज अंगी लागणारं लोह हवं सुमारे ०.८ मिलीग्रॅम. शिवाय वर्षाच्या आतल्या काही बाळांत जनावराच्या दुधाने आतड्यातून डोळ्यांना न दिसणारा रक्तस्राव होतो, म्हणजे मिळकत नाहीच आणि गळती चालू.

आईच्या दुधातही लोह थोडंच असतं, पण त्यातलं निम्म्याच्या आसपास शोषलं जातं. आई काय खाते त्यावर तिच्या दुधातलं लोह फारसं बदलत नाही. त्यामुळे आईला अळिवाचे लाडू चारून बाळाचं रक्त वाढेल ही आशा ठेवू नये. लाडू आईसाठी, आणि ते तिला हवेतच : तिचं स्वतःचं हिमोग्लोबिन ९.१ निघालं.

पहिले सहा महिने बाळ जगतं ते जन्मासोबत आणलेल्या साठ्यावर, किलोमागे सुमारे ७५ मिलीग्रॅम. ही मुलगी जन्मली २.२ किलोची. म्हणजे साठा १६५ मिलीग्रॅमच्या आसपास. तीन किलोच्या बाळाकडे २२५ असतं. कमी वजनाचं बाळ वजन लवकर दुप्पट करतं आणि साठाही तितक्याच लवकर संपवतं. अडीच किलोच्या खालच्या बाळाला दुसऱ्या महिन्यापासून किलोमागे किमान २ मिलीग्रॅम लोह रोज द्यायचं असतं. डिस्चार्ज कार्डावर जन्मवजन ठळक लिहिलेलं, लोहाचा उल्लेख नाही. नाळ बांधायच्या आधी निदान एक मिनिट, शक्यतो तीन मिनिटांपर्यंत थांबलं होतं का, याचीही नोंद नाही. त्या थांबण्यातून बाळाला किलोमागे ४० मिलीग्रॅमच्या आसपास लोह फुकट मिळतं, सहा महिन्यांच्या थेंबांपेक्षा स्वस्तात.

तूट किती, भरणार कशातून

रक्तातली तूट काढू. ७.६ वरून ११.५ पर्यंत जायचं, म्हणजे डेसीलिटरमागे ३.९ ग्रॅम. बाळाच्या अंगात रक्त किलोमागे ८० मिली, म्हणून सुमारे ५.९ डेसीलिटर. गुणाकार २३ ग्रॅम हिमोग्लोबिन. प्रत्येक ग्रॅमला ३.४ मिलीग्रॅम लोह, म्हणजे ७८ मिलीग्रॅम. साठा पुन्हा उभा करायला आणखी तेवढंच धरा. एकूण दीडशेच्या घरात.

आता आहार. समजा उद्यापासून बाळाने रोज ३० ग्रॅम डाळ, तेवढ्याच पिठाची भाकरी आणि एक अंडं खाल्लं. लोह मिळेल ४ मिलीग्रॅमच्या आसपास, अंगी लागेल ०.२ ते ०.३. ते रोजच्या वाढीतच खर्च होणार. तूट भरायला त्यातून काही उरत नाही. ‘औषध नको, खाण्यापिण्यातून वाढवू’ असं म्हणणाऱ्या प्रत्येक घराला हा हिशेब मांडून दाखवावा. औषधातून रोज २० मिलीग्रॅम गेलं आणि दहा ते पंधरा टक्के शोषलं गेलं, तर २ ते ३ मिलीग्रॅम मिळतं, महिन्याला ६० ते ९०. तूट दोन-तीन महिन्यांत भरते. आहार पुढची तूट अडवतो, झालेली भरत नाही.

काय दिलं

मात्रा किलोमागे ३ मिलीग्रॅम : ७.४ गुणिले ३, म्हणजे २२. सरकारी सिरपमध्ये १ मिलीला २० मिलीग्रॅम लोह आणि १०० मायक्रोग्रॅम फोलिक ॲसिड असतं. म्हणून तीच सीलबंद बाटली उघडली. प्रतिबंधासाठी ती आठवड्यातून दोनदा १ मिली असते, उपचारासाठी रोज १ मिली. ६ ते १०.९ किलोच्या बाळाला अॅनिमिया मुक्त भारत कार्यक्रमातली उपचाराची मात्रा हीच आहे. उपचार चालू असताना आठवड्याचे दोन डोस वेगळे द्यायचे नाहीत, आणि दुकानातलं सिरप बंद. दोन्ही एकदम चालू ठेवणारी घरं असतात, म्हणून बाटली समोर आणायला सांगणं बरं.

महागड्या पॉलिमाल्टोज प्रकारच्या लोहापेक्षा साधं फेरस लोह बरं, असं आमचं मत. २०१७ मध्ये प्रसिद्ध झालेल्या अमेरिकेतल्या एका चाचणीत फेरस सल्फेटची रोज एकच मात्रा, किलोमागे ३ मिलीग्रॅम, पॉलिसॅकराइड लोहापेक्षा (हेही पॉलिमाल्टोजच्याच धाटणीचं) सरस ठरली. दिवसातून तीनदा देण्याची गरज नाही. एकदाच दिलं तर घरातही जमतं.

ताप उतरेपर्यंत दोन दिवस थांबून सुरुवात केली ती २० जानेवारीला. वेळ सकाळी अकराची, आई माल देऊन परतल्यावर. आधी तासभर आणि नंतर तासभर दूध नाही. बाळाला अर्धवट बसवून ड्रॉपरचं टोक गालाच्या आत, मागच्या बाजूला. जिभेच्या टोकावर टाकलं तर मूल थुंकणार आणि पुढच्या दातांवर काळे डाग पडणार. नंतर दोन चमचे पाणी, त्यात लिंबाचे चार-पाच थेंब. मधाचं बोट नाही, वर्ष पूर्ण होण्याआधी मध अजिबात नाही.

घरात तेलुगू बोलतात, मराठी वाचतात, आणि ड्रॉपरवर सगळं इंग्रजीत. १ मिलीच्या खुणेवर आईच्याच नेलपॉलिशची रेघ ओढली. बाटलीवर कागदी पट्टी चिकटवून द्रवाच्या पातळीशी पेनाने खूण केली आणि तारीख टाकली. ५० मिलीची बाटली रोज १ मिलीने ५० दिवस पुरते, म्हणजे १० मार्चला संपायला हवी. ही पट्टी पुढे फार कामाला आली.

बाटली कुठे ठेवायची यावर दहा मिनिटं खर्च केली, आणि ती करावीतच. पूर्ण बाटलीत १००० मिलीग्रॅम लोह असतं. किलोमागे ६० मिलीग्रॅम गेलं तर जिवावरची विषबाधा होऊ शकते, म्हणजे या बाळाला २२ मिली, अर्ध्या बाटलीपेक्षाही कमी. आईला दिलेल्या लाल गोळ्यांत प्रत्येकी ६० मिलीग्रॅम, आठ गोळ्यांत तेवढंच. त्या गोळ्या साखरेच्या आवरणाच्या, गोड लागतात. घरातला चार वर्षांचा चुलत भाऊ त्या ‘चॉकलेट’ समजू शकतो. दोन्ही कुलुपाच्या कपाटात. कुणी प्यायलंच तर उलटीची वाट न बघता बाटलीसकट रुग्णालयात.

दूध कमी करणं, वाटी वाढवणं

हे औषधापेक्षा अवघड. ७०० मिलीवरून ३५० वर यायचं, पण एका दिवसात बाटली ओढून घेतली तर घर तिसऱ्या दिवशी हार मानतं. दुपारी जेवणाआधीची बाटली पहिली बंद, तिथे वाटी. तीन दिवसांनी संध्याकाळची. रात्रीची सगळ्यात शेवटी. अंगावरचं दूध तसंच चालू. दूध द्यायचं ते वाटी-चमच्याने, पाणी आणि साखर न घालता. पूर्व भागात नळाला पाणी काही दिवसांआड येतं, साठवलेल्या पाण्यात बाटली-बूच उकळणं कुणाकडून होत नाही, वाटी धुणं होतं.

जेवण दिवसातून तीन-चार वेळा, दर वेळी २५० मिलीच्या वाटीची अर्धी वाटी. डाळीचं पाणी बंद, डाळ घट्ट. चमचा तिरपा केला तर सांडू नये इतकी. मसूर घरात स्वस्त पडतो आणि त्यात १०० ग्रॅमला सुमारे ७ मिलीग्रॅम लोह, मुगाच्या आणि तुरीच्या डाळीत ४ च्या जवळपास. मोड आलेली मटकी शिजवून, सालं काढून कुस्करलेली चांगली, कारण मोड आणल्याने लोह अडवणारं फायटेट कमी होतं. ज्वारीची ताजी मऊ भाकरी (कडक भाकरी नव्हे) त्या डाळीत दहा मिनिटं भिजवून, वर लिंबू पिळून. शेंगाचा बारीक कूट चमचाभर. अख्खा शेंगदाणा नाही, श्वासनलिकेत अडकतो. घर मांसाहारी असल्याने आठवड्यातून दोन-तीनदा अंडं, आणि एकदा बकऱ्याचं काळीज, ३० ग्रॅमपर्यंत, पूर्ण शिजवून, वाटून. मांसातलं लोह शोषायला लिंबाची मनधरणी लागत नाही. काळजात अ जीवनसत्त्व फार असतं, म्हणून रोज देऊ नये. चहा पूर्ण बंद, बिस्किटासकट.

डाळिंबाचा प्रश्न सोलापुरात येतोच. रस लाल म्हणून रक्त वाढतं, असा समज इथे पक्का आहे आणि घरात पैसे नसतानाही बाळासाठी डाळिंब आणलं जातं. १०० ग्रॅम दाण्यांत लोह ०.३ मिलीग्रॅम. बीटात त्याच्या दुप्पट-अडीचपट, तरीही एक मिलीग्रॅम नाही. डाळिंबातलं क जीवनसत्त्व जेवणासोबत उपयोगी पडतं, पण तेच काम साधं लिंबू जास्त चांगलं करतं. गुळाचंही तसंच : चमचाभर गुळात ०.२ मिलीग्रॅम. नाचणी कॅल्शियमसाठी उत्तम. लोहाच्या बाबतीत ती ज्वारीच्या फार पुढे नाही, बाजरी दोघींच्या पुढे.

आणखी एक, वस्तीपुरतं : बाळ आईच्या विड्या वळायच्या सुपाशेजारी रांगतं आणि तंबाखूचा चुरा तोंडात घालतं. सूप पाटावर, बाळ पाळण्यात, आणि भरवण्याआधी आईने साबणाने हात धुणं. हे रक्तक्षयाच्या कागदावर लिहिलं नाही तर कुठेच लिहिलं जात नाही.

पुढचे महिने

दुसऱ्या दिवशी उलटी झाली. तीन दिवस अर्धा-अर्धा मिली दोनदा दिला, मग पुन्हा १ मिली. पाचव्या दिवशी शी काळपट. आजी घाबरून आली, खरं तर आनंदाने यायला हवं होतं. सुरुवातीलाच बजावून सांगितलं होतं, तरी आली. त्यामुळे हे दोनदा सांगावं. चिडचिड आणि भूक यांत फरक आठवड्याभरात पडला, हिमोग्लोबिन हलण्याच्या कितीतरी आधी.

चार आठवड्यांनी ८.९. एका महिन्यात किमान १ ग्रॅम वाढ ही कसोटी, आणि हीच चाचणी निदानाची खरी खातरजमा. वाढ झाली नसती तर क्रमाने पाहायचं होतं : मात्रा, दुधाची वेळ, पोहोचतंय का, मग संसर्ग, मग थॅलेसेमिया, मग बी-१२ जीवनसत्त्वाच्या कमतरतेची जोड. शुद्ध शाकाहारी आईच्या बाळात शेवटचा मुद्दा वर घ्यावा, विशेषतः बोटांचे सांधे काळवंडलेले आणि मूल सुस्त असेल तर. तपासणी पुन्हा शिरेतूनच केली. बोट पिळून काढलेल्या थेंबात ऊतींचं पाणी मिसळतं आणि आकडा फसवतो.

१० फेब्रुवारीच्या जंतनाशक दिनाला बाळाचं वर्ष भरायला काही दिवस कमी होते, म्हणून गोळी नाही.

मार्चच्या मध्याला ९.९, एमसीव्ही ६८. सगळं मार्गावर. मग १७ एप्रिलला ९.८.

कारण पट्टीने सांगितलं. दुसरी बाटली ११ मार्चला उघडलेली, ३८ मिली खाली जायला हवं होतं. गेलं होतं १८. म्हणजे २८ मार्चनंतर वीस दिवस औषध बंद. ‘देतो की रोज’ असं आजी म्हणत होती. आई गप्प. मग कळलं : ऊन चढलं, शेजारणीने सांगितलं की लोहाचं औषध उष्ण पडतं, उन्हाळ्यात अंगावर पुरळ येतं. बाळाला घामोळं आलं होतंच. सोलापूरच्या उन्हात एप्रिलमध्ये ते कुणाला येत नाही? आणि ‘थंड’ म्हणून दुधाची बाटलीही परत आली होती, दोन वेळची.

समजुतीशी भांडून उपयोग होत नाही. घामोळ्यासाठी सैल सुती कपडे आणि दोनदा अंघोळ सांगितली, औषधानंतर लिंबाचं पाणी थंडच असतं हे आजीला पटलं, आणि बाटलीऐवजी दुपारी वाटीभर पातळ दहीभात ठरला, औषधाच्या वेळेपासून दूर. मेमध्ये जुलाब झाले तेव्हा लोह चार दिवस थांबवून ओआरएस आणि झिंक दिलं, मग पुन्हा चालू. या वेळी थांबवायला आणि सुरू करायला तारीख होती, पट्टीवर लिहिलेली.

जूनच्या मध्याला ११.१, एमसीव्ही ७४, वजन ८.४ किलो. निळं पडण्याचे झटके मार्चनंतर नाहीत. माती खाणं त्याआधीच सुटलं. एमसीव्ही असं चढलं म्हणजे थॅलेसेमियाची तपासणी आता लागत नाही. फेरिटिनही पुन्हा केलं नाही. उत्तर माहीत असलेल्या प्रश्नावर घराचे पैसे घालवण्यात अर्थ नव्हता.

घर इथेच थांबायला तयार होतं, आकडा ११ च्या वर आला म्हणून. पण हिमोग्लोबिन आधी भरतं, साठा नंतर. रोजचा १ मिली ऑगस्टअखेरपर्यंत चालू. मात्रा आता किलोमागे २.४ होते, साठा भरायला ती पुरते. १० ऑगस्टला जंतांवरच्या अल्बेंडाझोलची अर्धी गोळी, २०० मिलीग्रॅम, चुरा करून पाण्यात. सप्टेंबरपासून त्याच बाटलीतून आठवड्यातून दोनदा १ मिली, पाच वर्षं पूर्ण होईपर्यंत, ताप-जुलाबाचे दिवस वगळून. पट्टीवरच्या खुणा तेव्हा दर महिन्याला आठ-नऊ मिलीवर पडतील. आईच्या लाल गोळ्या दिवसाला दोन चालू आहेत, तिचं हिमोग्लोबिन जुलैत पुन्हा तपासायचं आहे.